सुभेदारांचा फंड आणि काकूंचा वाटा

फॅमिली कोर्टाच्या वकिलाकडं ज्युनिअर म्हणून लागलं की पगार कमी मिळतो आणि किस्से फुकट. सांगलीच्या आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त किस्से दिले ते सुमनकाकूंच्या केसनं.

काकू कऱ्हाडजवळच्या गावातल्या. नवरा सुभेदार. संसाराची बरीच वर्षं ते सीमेवर आणि काकू उसात. रिटायर होऊन ते घरी आले, तेव्हा दोघांना कळलं की आपली फारशी ओळखच नाही! काकू सांगलीत भावाकडं आल्या. घटस्फोट दोघांनाही हवा होता, अडलं होतं सुभेदारांना रिटायर होताना मिळालेल्या फंडावर. काकूंच्या नावावर दुसरं काहीच नव्हतं, आणि नवऱ्याच्या फंडात बायकोचा निम्मा वाटा असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. तडजोडीतच मिळवायचा होता.

*

पहिल्याच भेटीत सुभेदार म्हणाले, "फंड माझ्या पगारातनं कापलाय. हिचा काय संबंध?"

काकू माझ्याकडं बघून म्हणाल्या, "पोरी, घर उसावर चाललं, म्हणून ह्यांचा पगार शिल्लक पडला. ऊस कुणी केला, इचार."

मी विचारलं. सुभेदारांनी पाणी मागितलं.

*

सुभेदारांचे चुलते आबा, भावकीतले थोरले, भेटीला सोबत यायचे. मी मधे बोलले की त्यांना खपायचं नाही.

"तुजं लगीन झालंय का गं?"

"नाही."

"मग घटस्फोटातलं तुला काय कळतंय?"

"आबा, तुमचा तरी कुठं झालाय?"

त्या दिवशी आबा चहा न घेता गेले.

*

पुढच्या वेळी सुभेदार तोडगा घेऊन आले. "नॉमिनी तीच ऱ्हाऊ दे. माज्या मागं समदं तिचंच हाय की."

काकू शांतपणे म्हणाल्या, "म्हंजे रोज देवाम्होरं मी काय मागायचं?"

*

आमच्या सरांचा धीर सुटला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काकूंना सांग, थोडं कमी घ्या आणि मिटवा."

"सर, आपल्या फीपासून सुरुवात करू या का?"

सरांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

*

शेवटी आबांनी बैठक गावात बोलावली. आमच्याकडं भावांच्या वाटणीत थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, अशी रीत आहे. आबा म्हणाले, "हितंबी तसंच करू. नवरा वाटे करील, बायकू उचलंल." नवरा-बायकोला ही रीत लावलेली मी कधी ऐकली नव्हती. पण काकू म्हणाल्या, "चालंल."

जमीन भावकीच्या सामाईकात, ती वगळली. सुभेदारांनी दोन विड्याची पानं मांडून त्यांवर सुपाऱ्या ठेवल्या. एक सुपारी घर, गोठा आणि म्हशीची. दुसरी फंडाची, म्हणजे बँकेतल्या एफडीची. राहतं घर सोडून बाई बँकेतला कागद कशाला उचलेल, असा त्यांचा होरा. आबा तर मिशीत हसत होते.

काकूंनी फंडाची सुपारी उचलून ओच्यात टाकली.

मग सुभेदार म्हणाले, "अगं, पण तू ऱ्हाणार कुठं?"

"मिरजंत खोली बघितलीया."

मी तिथंच अटी लिहून काढल्या, दोघांच्या सह्या घेतल्या. काकू चप्पल घालून निघाल्या आणि उंबऱ्यापाशी थांबल्या.

"आवं, म्हस पाटं धारंला हुबी ऱ्हाती. नवा हात लागला की लाथ मारती. जरा बेतानं."