जनाबाईच्या नावाची कढी

तांडापेठेतल्या विणकरांच्या गल्लीत जनाबाईच्या हाताला चव आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांत जास्त ठाऊक होतं ते खुद्द जनाबाईला. बाई ठेंगणी, कपाळावर ठसठशीत कुंकू, बोलणं तिखट. माहेर गरिबाचं, अंगावर सोनं नाही, शाळेचं तोंड कधी पाहिलेलं नाही. नवरा बाबनराव हातमागावर लुगडी विणायचा आणि बोलायला शब्द महाग असल्यासारखा गप्प असायचा. तेव्हा तिचं जे काही नाव होतं, ते सगळं चुलीपाशी होतं.

नाव निघायची वेळही ठरलेली होती. विणकराच्या घरी पाजण असते, तो दिवस. मागावर चढवण्याआधी सूत गल्लीभर ताणून बांधतात, त्याला ज्वारीच्या पिठाची पातळ, शिजवलेली खळ लावतात, कुंच्यानं सारखी करतात आणि उन्हात वाळवतात. म्हणजे धागा ताठ होतो, विणताना तुटत नाही. एका घराचं हे काम नव्हे. गल्लीतले पुरुष येतात, मजुरी कोणी घेत नाही, पण ज्याची पाजण त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. आणि जेवून उठताना कोणीतरी विचारायचंच, "कोणाच्या हातचं गा हे?" बाबनरावाच्या घरी त्याचं उत्तर लग्नापासून एकच होतं. जनाबाईचं बेसन. पुण्याकडचे लोक त्याला पिठलं म्हणतात, म्हणोत बिचारे.

तिचं बेसन म्हणजे शिस्तीचं काम. पीठ चण्याचंच, लसूण ठेचलेलाच, मिरची भिवापूरचीच. एक वस्तू कमी असली तर ती चूल पेटवत नसे. "अर्धवट करून खाण्यापरीस उपाशी राहीन मी," असं ती ठणकावून सांगायची.

अशात धाकट्या दिराचं, ईश्वरदासाचं लग्न झालं आणि उमरेडहून भागीरथा आली. उंच, काळीसावळी, कमी बोलणारी पोरगी. साल त्र्याहत्तर. पावसानं दगा दिलेला, रेशनवर ती लाल मिलो ज्वारी मिळायची, भाजीबाजारात वांगं हातात घेऊन खाली ठेवायचे दिवस. जनाबाईचा स्वयंपाक अडला. चण्याचं पीठ नाही, मग करायचं काय? ती दोन्ही हात कमरेवर ठेवून रिकाम्या डब्यांकडे बघत राहायची.

भागीरथेचं काहीच अडत नसे. मुळा संपला की पाला चिरायची. कोहळ्याची भाजी झाली की दुसऱ्या दिवशी त्याच्या सालीची चटणी. उरलेल्या भाकरीचा चुरा फोडणीत परतून द्यायची, वरून कच्चा कांदा. तुरीची डाळ मूठभर असली तर आंबाडीच्या पाल्यात घालायची, डाळ नसली तर कण्या घालायची. माप नाही, नेम नाही. कालची भाजी आज तशी होईल याची खात्री नाही. आणि तरी घर बोटं चाटायचं!

एके दिवशी त्या सालींच्या चटणीशी बाबनरावानं ताट पुसून खाल्लं. त्या मुक्या माणसानं मान वर केली आणि म्हटलं, "आनखी आहे का वं?"

जनाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं शिस्तीत रांधून घातलं, तेव्हा ह्या माणसाच्या तोंडातून हा प्रश्न कधी निघाला होता? आणि आज सालींसाठी! रात्री ती कूस बदलत पडून राहिली. आपण मेलो तरी ह्या घरात दोन घास कमी शिजणार नाहीत, असं तिच्या मनात आलं, आणि ते मनातून जाईना.

मग ती भागीरथेच्या मागेच लागली. "हे काय शिजवून राहिली? गाईले घालायचं आपण खाऊन राहिलो!" भागीरथा म्हणायची, "हो बाई," आणि ढवळत राहायची. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडायला समोर माणूस लागतो, आणि ही बया समोर असून नसायची.

तशात पाजण ठरली, आणि आदल्या दिवशी सासूनं, गोदूबाईनं, सुपारी कातरता कातरता बॉम्ब टाकला. "ह्या पाजणीले चूल भागीरथा सांभाळन. जना, तू खळ शिजव."

"काहून? माह्या हाताले काय झालं?"

"काही नाही झालं. चण्याचं पीठ थोडकंच आहे, माणसं बम. तुले पुरवता येत नाही, तिले येते. इतलंच."

इतलंच म्हणे! जनाबाईला वाटलं, सासूनं गल्लीच्या मधोमध उभं करून आपलं नाव पुसलं. उद्या जेवून उठताना लोक विचारतील, कोणाच्या हातचं? आणि घरातून दुसरं नाव निघेल. एकदा निघालं की निघालं, परत कोण आत घेतो?

सकाळी अंगणात दोन चुली शेजारी शेजारी पेटल्या. एकीवर जनाबाईची खळ, मोठ्या गंजात, म्हणजे उभट पातेल्यात. दुसरीवर भागीरथेचं बेसन. बाहेर गल्लीत सूत ताणलं गेलं, पुरुषांची बोलणी, हसणी सुरू झाली. अर्धी खळ पहिल्या हाताला बाहेर गेली, अर्धी दुसऱ्या हातासाठी गंजात उरली. भागीरथा पाणी आणायला नळावर गेली.

जनाबाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मिठाचा डबा हाताशीच होता. एक मूठ तिनं बेसनात टाकली. मग थांबली, आणि आणखी एक टाकली. घाईघाईनं ढवळलं, पदराला हात पुसले आणि गल्लीत जाऊन कडेला उभी राहिली. आतून गार गार वाटत होतं. खाऊ दे आता लोकांना भागीरथेच्या हातचं. चांगलं पोटभर खाऊ दे.

थोड्या वेळानं पुरुषांनी हाक दिली, "खळ आणा वं, दुसरा हात द्यायचा आहे!" जनाबाई अंगणात गेली, आणि बघते तर काय, खळीचा गंज रिकामा. खरवडून रिकामा!

शेजारच्या चुलीवर मात्र मोठ्या पातेल्यात काहीतरी रटरट शिजत होतं. बेसन नव्हतं ते. पातळ, पिवळसर, आंबटसर वासाचं. भागीरथेनं ती सगळी अळणी खळ बेसनात ओतली होती. चिंचेचा कोळ टाकला होता, गुळाचा खडा टाकला होता, मुळ्याचा पाला बारीक चिरून सोडला होता, आणि आता वरून लसणाची आणि भिवापुरी मिरचीची चरचरीत फोडणी देत होती. ताक नाही, तरी कढी.

दोघींची नजरानजर झाली. जनाबाईला वाटलं, ही आता ओरडेल, सासूला बोलावेल, गल्ली गोळा करेल. करू दे, आपणही बोलू, तिनं मनात कंबर कसली.

भागीरथा एवढंच म्हणाली, "खळ पुन्हा शिजवा लागते बाई. पीठ त्या कोपऱ्यातल्या मडक्यात आहे. लवकर करा, सूत वाळून राहिलं."

जनाबाईनं खळ शिजवली. आपल्या उभ्या जन्मात तिनं इतक्या मुकाट्यानं कोणाचं ऐकलं नव्हतं. धूर डोळ्यांत जात होता, ती पुसत नव्हती.

दुपारी पंगत बसली. लाल ज्वारीच्या भाकरी, कांदा, आणि ती कढी. पहिला भुरका मारून म्हातारे नत्थूजी थांबले. गल्लीत त्यांचा शब्द मानायचे. जनाबाई दाराआड उभी. नत्थूजींनी दुसरा भुरका मारला, तिसरा मारला, मग भाकरी कुस्करून कढीत बुडवली.

"अरे बाबन, हे काय आहे गा? जीभ जागी झाली माही! कोणाच्या हातचं हे?"

गोदूबाई तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून भागीरथेचा आवाज आला. डोक्यावरचा पदर सावरत ती म्हणाली, "बाईच्या हातचं. मी नुसत्या भाकरी थापल्या."

"असं म्हणा!" नत्थूजी खूष. "जनाबाई असल्यावर मंग काय बोलायचं!" पंगत हसली, वाट्या पुढं आल्या. बाबनरावानं बायकोकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात कौतुक होतं. ज्यासाठी ती एवढे दिवस जळत होती, ते असं फुकटात तिच्या पदरात येऊन पडलं. आणि तिला ते गिळता येईना, थुंकता येईना.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण गल्लीच ती. "जनाबाईची कढी" असं त्या पदार्थाचं नावच पडलं. बेसन विसरले सगळे. ज्याच्या घरी पाजण, तो निरोप धाडायचा, जनाबाई, तुमची ती कढी येऊन करून द्या. पहिल्या दोन घरी तिनं कंबर धरल्याचं सोंग केलं. पण कंबर किती दिवस धरणार?

मग घरात कोणी नसताना ती चोरून करून पाहायला लागली. खळ ओतली, चिंच टाकली, फोडणी दिली. गोंद झाला. पुन्हा केली, पाणी झालं. शेवटी तर बाईनं कमाल केली. त्या दिवशी झालं होतं तसंच व्हायला पाहिजे म्हणून आधी बेसनात दोन मुठी मीठ टाकलं आणि मग ते निस्तरत बसली! सगळं गाईला घातलं, तर गाईनंही तोंड फिरवलं. जनाबाई तिथंच गोठ्यात बसून रडली. रडू कशाचं होतं, रागाचं की लाजेचं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

नत्थूजींच्या घरी पाजण निघाली तेव्हा मात्र पळायला जागा उरली नाही. सकाळी ती भागीरथेसमोर जाऊन उभी राहिली. भागीरथा तांदूळ निवडत होती.

"कशी करतं वं ते?" जनाबाईनं भिंतीकडं पाहून विचारलं.

"बसा," भागीरथा म्हणाली. आणि शिकवलं तिनं, सगळं. खळ एकदम नाही ओतायची, पळी पळीनं सोडायची. आंबट शेवटी. पाला असंन तो चालते, मेथीचा, मुळ्याचा, फुलकोबीचा. पाला नसंन तं कांद्याची पात, तेही नसंन तं नुसता लसूण. "माप नाही बाई याले. चाखत जायचं आणि जे कमी वाटंन ते द्यायचं." जनाबाई शाळेतल्या पोरीसारखी मान हलवत होती, आणि आतून जळत होती.

उठताना तिला राहवलं नाही. इतक्या दिवसांचं साचलेलं बाहेर आलंच. "त्या दिवशी माहं नाव काहून सांगतलं तू? मीठ मी टाकलं होतं. तुले माहीत होतं. साऱ्या गल्लीत माही इज्जत काढता आली असती तुले!"

भागीरथेनं तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. "पंगत बसली होती बाई, माणसं भुकेली होती. कोणाचं तरी नाव सांगा लागत होतं. तुमाले पाह्यजे होतं, तुमचं सांगतलं. मले कायले पाह्यजे नाव?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. जनाबाईनं शोधला, अगदी नीट शोधला, पण नव्हताच.

त्या दिवशी नत्थूजींच्या घरी कढी झकास झाली. पुढं हातमाग बंद पडत गेले, गल्लीतली पोरं कोराडीच्या वीज कारखान्यात नोकरीला लागली, पाजणी थांबल्या, पण लग्नाकार्यात जनाबाईची कढी होतच राहिली. ती करायचीही उत्तम. लोक वाटी पुढं करून वाहवा म्हणायचे, आणि दर वेळी तिची नजर आधी भागीरथेकडं जायची. ही हसते का? गालात तरी? एकदा जरी ती हसली असती, तरी जनाबाईनं तिला माफ केलं असतं. भागीरथा खाली मान घालून भाकरी वाढत असायची.