नऊ मजले आणि चारशे किलोमीटर

एकतीस वर्षं हा गृहस्थ एका जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये गोल स्टुलावर बसून होता. इमारत नऊ मजली. सगळ्या मजल्यांवर कचेऱ्या, लिफ्टला जाळीचा दरवाजा, आणि तो ओढल्यावर असा काही आवाज व्हायचा की सहाव्या मजल्यावरचे वकील फोनवर बोलता बोलता थांबायचे. कुणी कितव्या मजल्यावर उतरतो हे लिफ्टमनला तोंडपाठ होतं. माणूस आत शिरला की याचं बोट बटणावर. वर लोक उतरत, खाली लोक चढत, आणि हा मात्र बसल्या जागेवरून हलत नसे. लिफ्ट दुरुस्तीला गेली की हाही रजेवर. जिना चढणं म्हणजे त्याला आपल्या धंद्याशी चक्क बेइमानी वाटायची.

अशा माणसाने चारशे किलोमीटर पायी यात्रेला जायचं ठरवलं. ठरवलं कसलं, त्याच्या गळ्यात पडलं.

गळ्यात घातलं ताईने. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, वय वर्षं सत्तर. आई गेली तेव्हा हा दीड महिन्याचा होता. तेव्हापासून याचं न्हाऊमाखू, शाळा, आजारपण, नोकरीचा अर्ज, सगळं ताईने पाहिलं. त्यात तिचं लग्न राहून गेलं. याचंही राहिलं, पण ते आळसापायी. आता हा अठ्ठावन्नचा झाला, डोक्यावर चंद्र उगवला, तरी ती त्याला बाळ्या म्हणायची. दोन खोल्यांत दोघंच राहत.

ताई पस्तीस वर्षं इस्पितळात आया होती. आयुष्यभर उभी. या टोकाच्या वॉर्डातून त्या टोकाच्या वॉर्डात, हातात कधी भांडं, कधी चादरी, कधी कुणाचं रडणारं पोर. निवृत्त झाली तरी सवय गेली नाही. चहासुद्धा ओट्याला टेकून उभ्या उभ्या प्यायची. ती खुर्चीवर बसलेली दिसली की बाळ्या कपाळाला हात लावून बघायचा, ताप तर नाही ना.

तिला यात्रेचं वेड लागलं ते त्या वॉर्डातच. डोंगरावरच्या त्या देवस्थानाला पायी येईन, असा नवस खाटेवरून बोललेली माणसं तिने शेकड्यांनी पाहिली होती. बरी झाली की ती घरी जायची. पुढे गेली की नाही, कोण सांगणार? "इतक्या जणांनी माझ्या देखत शब्द दिलाय," ती म्हणायची, "एकदा जाऊन त्याला विचारते, कोण कोण आलं होतं." म्हणजे देवाचीसुद्धा हजेरी घ्यायला निघालेली बाई.

यात्रेचा संघ तीन वर्षांतून एकदा निघायचा. एकवीस दिवसांची चाल. संघाचा प्रमुख निवृत्त कंपाउंडर. त्या माणसाने हयातभर औषधं थेंबांनी मोजली, आणि माणसंही तशीच मोजायचा. बहात्तरच्या पुढच्यांना घ्यायचं नाही, हा त्याचा पहिला नियम. पासष्टच्या पुढच्यांना घरातला एक सोबती हवा, हा दुसरा. प्रत्येकाने आपली सॅक आपण वाहायची. आणि निघायच्या आधीच्या रविवारी वीस किलोमीटरची चाचणी, सहा तासांत पुरी करायची. सोबती नापास तर दोघंही घरी.

हिशेब सरळ होता. ताई सत्तरची. पुढचा संघ निघेल तेव्हा त्र्याहत्तर. म्हणजे जायचं तर याच खेपेला, आणि घरात सोबती म्हणायला हा एकटा. तिने आजवर बाळ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. पहिल्यांदा मागितलं तर काय, म्हणाली, "माझ्याबरोबर चाल." लिफ्टमनने आपल्या पायांकडे पाहिलं. पण नाही म्हणायला तोंड कुठलं होतं?

"त्यात काय एवढं," तो म्हणाला. "चालू की."

चाचणीला दोन महिने होते. लिफ्टमनने सरावाची अशी युक्ती काढली की ऐकणाऱ्याने कपाळावर हात मारावा. सकाळी आठ ते संध्याकाळी सात ड्यूटी, मग चालायचं कधी? ड्यूटीवरच! लिफ्टमध्ये चार पावलं पुढे, वळण, चार पावलं मागे. माणसं आत असली तर त्यांच्या मधून. सहाव्या मजल्यावरचे वकील दुसऱ्या दिवशीच म्हणाले, "अहो काका, एका जागी उभे राहा ना, मला गरगरतंय."

"साहेब, यात्रेला चाललोय."

"मग आम्हाला का नेताय?"

पण हा बहाद्दर थांबला नाही. लिफ्टच्या भिंतीवर खडूने रेघा ओढायचा आणि संध्याकाळी बेरीज करून घरी सांगायचा, "आज साडेसात किलोमीटर." ताई खूश. ती रात्री त्याच्या पायांना तेल चोळून द्यायची, आणि हा पाय पुढे करून रुबाबात बसायचा. बरं, खोटंही नव्हतं हो. पावलं खरी, बेरीज खरी. पण एकतीस वर्षं चौकोनात राहिलेल्या माणसाला चौकोनाबाहेरचं काही सुचेल कसं?

चाचणीच्या तीन आठवडे आधी ताई त्याला सकाळी हमरस्त्यावर घेऊन गेली. मोकळा, सरळ रस्ता. बाळ्या छाती काढून निघाला. चार पावलं टाकली आणि गर्रकन मागे वळला. समोर ताई.

"काय राहिलं?" तिने विचारलं.

"काही नाही." तो पुन्हा निघाला. चार पावलं आणि पुन्हा गर्रकन.

"अरे बाळ्या, इथे भिंत नाहीये!"

त्याने नेट लावला तेव्हा वळणं थांबलं, पण दर दहा-पंधरा पावलांनी तो उभा राहून मान वर करून बघायचा. वर आभाळ. मजल्याचा आकडा कुठून दिसणार तिथे? अर्धा तास असा गेला, आणि मग पोटऱ्या इतक्या भरून आल्या की दुधाच्या टेम्पोला हात करून घरी यावं लागलं.  टेम्पोत ताई रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. ती नुसती बाहेर बघत होती, आणि तिचा चेहरा पडला होता. त्या चेहऱ्यामुळे लिफ्टमनला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

मग तो झटून कामाला लागला. पहाटे उठून रस्ता, दुपारच्या सुट्टीत जिना. त्याला जिन्यात बघून लोकांना वाटलं, लिफ्ट पडली की काय. तिसऱ्या मजल्यावर विमावाल्यांच्या दारात तो धापा टाकत बसायचा आणि ते त्याला पाणी आणून द्यायचे, वर पॉलिसीची माहिती द्यायचे. दोन आठवड्यांत सहाव्या मजल्यापर्यंत मजल गेली. वकिलांनी दार उघडून टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी याला आभाळ ठेंगणं झालं.

सॅक भरताना आणखी एक तमाशा झाला. आठ किलोची मर्यादा, आणि याची भरली चौदा. ताईने सगळं जमिनीवर ओतलं. दोन चादरी, तीन टॉर्च, छत्री, पावडरचे डबे, आणि तळाशी एक घडीचं स्टूल.

"हे काय?"

"वाटेत बसायला."

"वाटेत बसणार आहेस? मग घरी बसायला काय झालं होतं?"

स्टूल माळ्यावर गेलं.

चाचणीच्या रविवारी सकाळी सहाला संघाच्या सभागृहापासून चाल सुरू झाली. पाणीपुरवठ्याच्या टाक्यांपर्यंत दहा किलोमीटर, आणि परत. पहिले दहा लिफ्टमनने खरोखर छान काढले. टाक्यांपाशी त्याने इतरांना सराव कसा करावा यावर दोन शब्दही सांगितले. तीच शेखी नडली. बाराव्या किलोमीटरला उजव्या टाचेला फोड आला, तेराव्याला डावी पोटरी दगड झाली, आणि एका पुलाच्या कठड्यावर त्याने जी बैठक मारली ती मारलीच.

"ताई, तू हो पुढे."

"मी एकटी पुढे जाऊन काय करू? माझं नाव तुझ्या नावाला बांधलंय."

"नाही होत गं माझ्याच्याने." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "माफ कर. मी फुकट गेलो."

दुसरी कुणी असती तर पाठीवरून हात फिरवला असता. ताईने त्याच्या पाठीवरची सॅक ओढून काढली आणि पोटाशी अडकवली. पाठीला स्वतःची, पोटाला त्याची. "पस्तीस वर्षं पेशंटला नाही होत नाही होत म्हणताना ऐकलंय," ती म्हणाली. "ऊठ. तो विजेचा खांब दिसतोय? तो पहिला मजला. चल, ने मला वर."

"ताई, थट्टा नको."

"थट्टा कसली? मला नवव्यावर जायचंय. दार लाव."

तो उठला. खांबाशी पोचला तेव्हा ती म्हणाली, "एक." पुढच्या खांबाला, "दोन." नऊ झाले की पुन्हा एकपासून. लोक पुढे निघून गेले. ऊन चढलं. मध्ये एकदा तो चिडून म्हणाला, "या इमारतीला मजले तरी किती?" आणि ती म्हणाली, "तू गप्प बटण दाब." पण तिचाही श्वास आता लागत होता, आणि दोन पट्ट्यांच्या खाली तिचे खांदे वाकले होते. लिफ्टमन मागून ते सगळं बघत होता. सात किलोमीटर बघत होता.

सभागृहाच्या कोपऱ्यावर पोचले तेव्हा पावणेबारा झाले होते. पंधरा मिनिटं हातात. ताईने त्याची सॅक त्याच्या पाठीवर चढवली, पट्टे आवळले आणि रुमालाने त्याचं तोंड पुसलं. "मान वर. लंगडू नकोस. आणि एक अक्षर बोलायचं नाही."

दारात टेबल टाकून कंपाउंडर बसला होता. समोर जाड रजिस्टर. त्याने घड्याळ पाहिलं, ताईच्या नावापुढे खूण केली आणि रजिस्टर लिफ्टमनकडे फिरवलं. "सॅक सगळी वाट स्वतःच आणलीत ना? इथे सही."

लिफ्टमनने पेन घेतलं. एक सही, की ताईची यात्रा पक्की. कुणाला कळणार नव्हतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे एकवीस दिवस उभे राहिले, चारशे किलोमीटर, आणि त्या सगळ्या रस्त्यावर पाठीला एक नि पोटाला एक सॅक घेऊन चाललेली सत्तर वर्षांची बहीण. ती वाहील, याची त्याला खात्री होती. हूं की चूं करणार नाही. त्याने पेन खाली ठेवलं.

"नाही आणली," तो म्हणाला. "सात किलोमीटर हिने वाहिली. मी नापास आहे साहेब. पण हिला न्या. ही दोन सॅक घेऊन पास झालीय."

"गाढवा!" ताई ओरडली. अख्खं सभागृह वळून बघायला लागलं. "तुला गप्प बसायला सांगितलं होतं ना! एवढं एक काम होतं तुझ्याकडे!" आणि मग तिचा आवाज फुटला. बाळ्याने तिला रडताना आधी कधी पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"सोबती नाही तर नेता येत नाही," कंपाउंडर म्हणाला. "नियम आहे." त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ताईकडे पाहिलं, तिच्या खांद्यांवरच्या लाल वळांकडे पाहिलं, मग लिफ्टमनच्या पायांकडे. नंतर त्याने रजिस्टरची पहिली पानं उघडली, जिथे सगळे नियम लिहिले होते, आणि बोट ठेवून सावकाश वाचत गेला. मधेच बोट थांबलं.

"अशक्त यात्रेकरू," तो म्हणाला. "वय कमी असलं तरी चालतं, चाचणीचीही अट नाही. त्याची सॅक सामानाच्या टेम्पोतून जाते. चालून थकला तर तोही टेम्पोत बसतो. फक्त त्याला घरातला एक धडधाकट सोबती लागतो." त्याने लिफ्टमनकडे रोखून पाहिलं. "तुम्हाला सगळ्यांच्या देखत अशक्त लिहिलेलं चालेल का?"

टाक्यांपाशी ज्यांना याने उपदेश केला होता ते सगळे मागे उभे होते. एक जण खुसखुसलाही. लिफ्टमनचे कान तापले.

"ठळक लिहा," तो म्हणाला.

ताईने नाक पुसलं. "पण मी सत्तरची. मला सोबती लागतो ना?"

"यात्रेकरूला लागतो. सोबत्याला सोबती लागतो असं कुठे लिहिलेलं नाही." कंपाउंडरने दोन्ही नावं खोडली आणि खालच्या ओळीत उलट्या क्रमाने लिहिली. मग सवयीप्रमाणे शेवटचा रकाना मोठ्याने वाचला. "यात्रेकरूच्या खाण्यापिण्याची, दुखण्याखुपण्याची आणि त्याला सुखरूप घरी आणण्याची संपूर्ण जबाबदारी सोबत्यावर राहील. बाई, ही जबाबदारी मान्य आहे का?"

"बारा वर्षांची असल्यापासून मान्य आहे," ताई म्हणाली. "सही कुठे करू?"