हेलियममधून आलेला फोन

माझा धाकटा भाऊ समुद्राच्या तळाशी पाइप जोडतो. वेल्डरच, पण पाण्याखालचा. दाढीमिशांचा धिप्पाड गडी, मांजराला घाबरतो, आणि आवाज असा की घरात हळू बोलला तरी खालच्या मजल्यावर ऐकू जातं. आईची नजर जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिला माणसं आवाजावरूनच कळत. धाकटा जिन्यात नुसता खोकला तरी ती म्हणायची, "आला माझा ढोल!"

कामावर गेला की तो महिनाभर एका लोखंडी टाकीत राहतो. टाकी जहाजावर असते. आत सहा बिछाने, एक संडास आणि जेवण सरकवायला छोटी झडप. समुद्राच्या तळाशी जेवढा दाब, तेवढाच टाकीत ठेवतात, म्हणजे रोज तळाशी कामाला ये-जा करताना दाब बदलायला नको. त्या दाबाखाली आपली साधी हवा चालत नाही. तिच्यातला नायट्रोजन दारूसारखा चढतो. म्हणून थोडा ऑक्सिजन आणि बाकी सगळा हेलियम.

"ताई, हेलियमसारखा सरळ वायू नाही," त्यानं मला एकदा समजावलं होतं. "अणूत इलेक्ट्रॉन दोनच, आणि दोघांत जागा भरलेली. कुणाकडून घ्यायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. रक्तात शिरतो, पण कशाशीच जुळत नाही."

"मग तुला बायकोही अशीच बघू या," मी म्हटलं. "कुणाच्या अध्यात ना मध्यात!"

या सरळ वायूचे गुण मला पुढे कळले. तो अंगातली ऊब पळवतो, म्हणून टाकी सतत तापती ठेवावी लागते. फार हलका असल्यामुळे त्यातून आवाज हवेपेक्षा कितीतरी वेगानं जातो, आणि माणसाचं बोलणं चिरकं होतं, बदकाच्या पिल्लासारखं. शिवाय दाबानं अंगभर मुरलेला हेलियम बाहेर पडायला दिवस लागतात. घाई केली तर रक्तात बुडबुडे धरतात आणि माणूस हकनाक मरतो.

आईला झटका आला तेव्हा धाकटा शंभर मीटरच्या दाबात होता. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस, फार तर तीन. मी जहाजावरच्या साहेबांना फोन लावला. त्यांनी लगेच दाब उतरवायला घेतला, पण पाच दिवस लागतील म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अहो, चंद्रावरून माणूस तीन दिवसांत परत येतो!" मी ओरडले. त्यांची तरी काय चूक होती?

आई शुद्धीवर होती आणि एकच विचारत होती, "ढोल आला का?" दुसऱ्या दिवशी दुपारी, दवाखान्यातल्या भेटीच्या वेळेत, मी टाकीतला फोन जोडून घेतला. आवाज सुधारणारं एक यंत्र त्यांच्याकडे असतं, पण ते कामाच्या तारेवर. बाहेरच्या फोनला ते जोडता येईना. मला वाटलं, कसाही असला तरी आवाज त्याचाच आहे ना. तिथंच मी चुकले, आणि त्याबद्दल मला आजही माझाच राग येतो.

मी फोन आईच्या कानाशी धरला. पलीकडून चिरकं, भरभर काहीतरी आलं.

आईच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कोण आहे?"

"अगं, धाकटाच. गॅसमुळे आवाज तसा येतोय."

"मला शिकवू नकोस. माझ्या लेकाचा आवाज मला कळत नाही होय?"

तो पुन्हा पुन्हा बोलत राहिला. "आई" एवढंच काय ते कळत होतं. मग त्याचा बांध फुटला. चाळिशीचा माणूस, पण त्या वायूतून त्याचं रडणं तीन वर्षांच्या मुलासारखं ऐकू येत होतं. मला ऐकवेना. मी फोन काढून घ्यायला गेले, तर आईनं माझं मनगट पकडलं.

"थांब. कुणाचं तरी लेकरू चुकलंय." मग ती फोनमध्ये म्हणाली, "रडू नको, राजा. तुझी आई इथंच कुठंतरी असेल. जागचा हलू नकोस, म्हणजे तू सापडशील तिला."

पलीकडचं रडणं थांबलं. थोड्या वेळानं बारीकसं "बरं" ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. टाकीचं दार उघडायला अजून तीन दिवस होते. फोनवर त्याला मीच सांगितलं. तो बराच वेळ काहीतरी बोलत होता. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.