पाह्यलं अन् लगन

आमच्या अमरावतीच्या क्लासमध्ये इंग्रजी शिकवणारे सर खडू हातात घेतला, की आधी त्यावर फुंकर मारतात. मग ती जुनी शोकांतिका निघते. एका नजरेत जीव जडलेली अन् घरच्यांच्या वैरापायी मेलेली दोन कोवळी पोरं. सर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितात, 'वासना'. "एकदा पाह्यलं अन् लगन! याले प्रेम म्हणते काय कोणी?" पोरं हसतात. बाजूच्या खोलीत गणित शिकवताना माझं डोकं दरवर्षी तापतं. जी बिचारी मरून गेली, त्यांच्यावर कसला एवढा राग?

गेल्या रविवारी सरांच्या मुलीला पाहायला अचलपूरचे पाहुणे मुलाला घेऊन आले. सरांनी मलाही बोलावलं होतं. पोरगी चहा घेऊन आली, मान खाली घालून खुर्चीवर बसली, नाव अन् शिक्षण सांगून आत गेली. पोहे संपायच्या आत सुपारी फुटली, साक्षगंधाची तारीखही ठरली.

मी सरांना अंगणात गाठलं. "सर, पोरीले विचारलं काय?"

"तिले काय विचारा लागते? दोघांनं एकमेकाले पाह्यलं ना! प्रेम होते मांगून."

सोमवारी बाजूच्या खोलीत पुन्हा तेच, 'पाह्यलं अन् लगन'. पोरं हसली. मी गणित अर्धवट टाकून सरांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"सर, त्या नाटकातल्या पोरीनं निदान मान वर करून पाह्यलं तरी होतं."