यांना पत्नीशोक

मी आणि आमच्या कारभारणीनं जोडीनं केलेलं शेवटचं काम म्हणजे शेंगा फोडणं आणि पेपरवाल्यांना शिव्या देणं. दोन्ही कामं आम्हाला चांगली जमत.

इंग्रजी अमदानी होती आणि लोकल बोर्डाची निवडणूक तोंडावर आली होती. आमचा मळा बारामती आणि इंदापूरच्या हद्दीवर, म्हणून दोन्हीकडची साप्ताहिकं घरात यायची. बारामतीचं आबासाहेबांच्या बाजूचं, ते माझा चुलतभाऊ बापू टाकून जायचा. इंदापूरचं तात्यासाहेबांचं, ते माझा मेहुणा तुकाराम आणून द्यायचा. दोघं असले भक्त, की उमेदवार शिंकला तर यांनी आपलं नाक पुसावं! मी चौथी नापास. बोट ठेवून मोठ्या अक्षरातले मथळे तेवढे वाचायचो. तिला तर अक्षरओळखही नव्हती. पण पेपर कुणाच्या बाजूचा, ते तिला कानानं कळायचं.

"'आबासाहेबांची सिंहगर्जना!'" मी वाचलं.

"बारामतीचा," ती म्हणाली.

"'आबा बरळला!'"

"इंदापूरचा. अवो, सभा एक, माणूस एक. हितं गर्जतोय, तितं बरळतोय. खरं म्हंजी त्येला खोकला झाला आसंल!"

लई हसली. पुढच्या आठवड्यात तापानं गेली. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

सुतकाच्या सातव्या दिवशी बापू पेपर फडकावत आला. मथळा असा: 'आबासाहेबांचे निष्ठावंत सदाशिवराव यांना पत्नीशोक'. मी निष्ठावंत! आबासाहेबाला मी जन्मात एकदा बघितला होता, तोही पाठमोरा. तेवढ्यात मागून तुकाराम आला. त्याच्या पेपरात: 'विरोधकांच्या दहशतीचा बळी! तात्यासाहेबांचे खंदे समर्थक सदाशिवराव यांना पत्नीशोक'. दहशत? मतं मागायला आलेल्या आबासाहेबाच्या माणसांना तिनं शेणाच्या हातांनी हाकललं होतं. दहशत कुणी कुणाला घातली?

"तिचं नाव कुठाय?" मी विचारलं.

"हाय की. सदाशिवराव!" बापू म्हणाला.

"त्ये माझं. मेली कोण?"

"दाजी, तशी रीतच हाय," तुकाराम म्हणाला. "जो मागं ऱ्हातो त्येचं नाव छापत्यात. शोक त्येला झालेला असतो न्हवं?"

"बराबर!" बापू म्हणाला. (सबंध निवडणुकीत दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच!)

मागल्याच महिन्यात कुणा गोऱ्या साहेबाचं हरवलेलं कुत्रं यांनी नावानिशी छापलं होतं. बाई चाळीस वर्षं या मळ्यात राबली, आणि तिच्या नावाला मात्र यांचे छपाईचे खिळे झिजत होते!

दहाव्याला नदीवर दोन्हीकडची फौज हजर. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. तास झाला, झाडावरून हलेना.

"वैनी, काळजी नगं!" बापू ओरडला. "दादांचं मत आबासाहेबांनाच!"

कावळा ढिम्म.

"आक्के, दाजी तात्यासाहेबांचंच हायती!" तुकाराम बोंबलला.

कावळ्यानं पाठ फिरवली.

"आबासाहेबांचा विजय असो!" "तात्यासाहेबांचा विजय असो!" रेटारेटी झाली, दोघं पाण्यात पडले (दोन्ही बाजूंचा एकेक, नाहीतर त्याचाही मथळा झाला असता), आणि भटजी पिंडावर पंचा धरून उभे राहिले.

"गप बसा रं, बैलांनो!" मी ओरडलो. लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नव्हतं ते नाव त्या दिवशी मोठ्यानं घेतलं. "सोनाबाई, तुझं नाव पेपरात छापून आणतो!"

कावळा आला आणि एका झडपेत पिंडाला शिवला!

आता आली का पंचाईत! शब्द दिलेला, तोही सगळ्या गावासमोर. आणि रीत तर अशी, की छापायचं ते जिवंत माणसाचं नाव. बरीच डोकेफोड केल्यावर एकच वाट दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, टोपी घातली आणि इंदापूरला छापखान्यात गेलो. संपादक टेबलावर बसून चहा पीत होता. आपल्या खंद्या समर्थकाला त्यानं अर्थातच कधी बघितलं नव्हतं.

"काय बातमी?"

"मयताची. लिवा. सोनाबाई यांना पतीशोक."

त्यानं मुकाट्यानं लिहून घेतलं. गेल्या आठवड्यात त्यानंच तिला दहशतीचा बळी केलं होतं, पण स्वतःचा पेपर वाचायची त्याला सवय नसावी. नावावर बोट ठेवून मी दोनदा तपासलं. काना, मात्रा, सगळं जागच्या जागी होतं.

"मयताचं नाव?"

"सदाशिवराव."

"अरेरे! आपले खंदे समर्थक!" तो माझ्याच तोंडाकडं बघत हळहळला. मग त्याला माझे डोळे दिसले. "आजोबा, मयत तुमचे कोण?"

"कुनी न्हाय," मी म्हणालो. "नुसती वळख हुती. माणूस काय फारसा कामाचा न्हवता."