प्रोपेलरचं दुसरं पातं

हे वायुदलातून निवृत्त होऊन उंब्रजला आले आणि ओसरीवर लाकूड घेऊन बसले. पहिल्या विमानांना असायचा तसा लाकडी प्रोपेलर हाताने घडवायचा आणि कराडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना बघायला द्यायचा, हे एकच वेड. मी चिडवायची, "आमटी ढवळायला तरी येईल का ह्यो?" हे हसायचे आणि एक टोक माझ्या हातात देऊन म्हणायचे, "धर घट्ट."

टोक धरून बसलं की कानावर पडायचंच. अखंड फळी दमट हवेत पिळवटते, म्हणून सागाच्या पातळ फळ्या एकीवर एक चिकटवायच्या. पातं मध्यापाशी जास्त तिरकं ठेवायचं आणि टोकाकडे आडवं करत न्यायचं, कारण फिरताना टोकाला जास्त पळावं लागतं. मला निम्मं कळायचं, पण ऐकायला बरं वाटायचं.

एक पातं आकाराला आलं, त्याचं शेवटचं घासणं तेवढं राहिलं. दुसरं जेमतेम सुरू केलं आणि हे झोपेतच गेले. तेव्हापासून घर खायला उठतं. मुलगा पुण्याहून रोज फोन करून जेवलीस का विचारतो. मी जेवले म्हणते, मग कधी जेवते, कधी नाही.

खंडेनवमीला यांची हत्यारं पुसून पाटावर मांडली. धाकट्या जाऊबाईंनी यांच्या पात्यालाही तेलाचा हात लावून हळदी-कुंकू वाहिलं. "आक्का, ह्ये बी हत्यारच की." त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत. दसरा झाल्यावर मात्र मी पटाशी हातात घेतली. यांनी पत्र्याचे साचे कापून ठेवलेच होते. साचा लावायचा, अडेल तिथे तासायचं. हात सोलवटले, पण दिवस जात होता.

संक्रांतीच्या सुमाराला माझं पातं झालं. दोन्ही पाती सारख्या वजनाची लागतात, म्हणून मधल्या भोकात सळई घालून प्रोपेलर दोन खुर्च्यांच्या मध्ये टांगला, तर यांचं पातं झपकन खाली. जाऊबाईंच्या तेल-कुंकवाचं वजन असेल म्हणून पुसून काढलं, तरी खालीच. माझ्याकडून जास्त तासलं गेलं होतं. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. आता हलकं करायचं तर यांचंच पातं.

त्यावर यांच्या पटाशीच्या, खवल्यांसारख्या बारीक खुणा होत्या. रोज दुपारी मी त्यांवरून बोटं फिरवायची. यांच्या हाताचं तेवढंच घरात उरलं होतं.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, राहू दे तसंच. भिंतीला लावू, दोन खिळे मारले की कोण बघतंय?" मी त्याच्यावर उखडले. भिंतीला लावायला का त्यांनी एवढी कंबर मोडून घेतली? खरं तर मलाही तेच हवं होतं, म्हणून जास्त राग आला.

कानस घेतली. थोडं घासायचं, टांगून बघायचं, पुन्हा घासायचं. मध्येच रडू आलं. उठून चहा केला, प्यायले, परत बसले. शेवटी दोन्ही पात्यांना वॉर्निश लावून प्रोपेलर टांगला, आडवा धरून सोडला. तो हलला नाही.

कराडला पोचवायला मुलगा गाडी घेऊन आला. त्याने दोन्ही पाती निरखून बघितली. मग म्हणाला, "आई, ह्यातलं आबांचं कुठलं?"

मी दोन्ही पात्यांवरून हात फिरवला. मला सांगता आलं नाही.