पिलाताचा तांब्या
जेवणानंतर कुणी हातावर पाणी घालायला तांब्या पुढे केला, की मला अकोल्याच्या मिशन शाळेचं अंगण आठवतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. चैत्राचं ऊन, विहिरी तळाला गेलेल्या, आणि आम्हा मुलींचं येशूच्या खटल्याचं नाटक. मी रोमी सुभेदार पिलात झाले होते, डोक्यावर शाळेच्या शिपायाचा फेटा. येशू निर्दोष आहे हे पिलाताला कळतं, पण गर्दीच्या धाकाने तो 'याचा दोष माझ्यावर नाही' म्हणत हात धुतो आणि त्याला क्रुसावर पाठवतो. पहिल्या रांगेत मडमबाई आणि तहसीलदार, मागे जठारपेठेकडच्या माळणी. "याचा काही गुन्हा नाही," असं म्हणून मी तांब्या उचलला, तोच शाळेला भाजी देणारी माळीण उभी राहिली. "ओ साहेब, गुन्हा नाही ना? मंग सोडा त्याले. लोकायले काहून भेता? अन् पाणी कायले सांडून राहिले?" तहसीलदार बुटांकडे बघू लागले. मडमबाईंनी डोळे वटारून हात धुवायची खूण केली. मी तांब्या खाली ठेवला. "सोडला," म्हटलं. अंगणभर टाळ्या पडल्या. दोरीने बांधलेला येशू, म्हणजे माझी मैत्रीण, खुदकन हसली. माळणीने तिची दोरी सोडून हातात काकडी दिली, पाणी मोगऱ्याला घातलं. येशूने अर्धी काकडी मोडून पिलाताला दिली. पुढे मी मुख्याध्यापिका झाले, तेव्हा काही चूक नसलेल्या शिक्षिकेला काढून टाका, असा वरून दोनदा दबाव आला. पहिल्यांदा मी हात धुतले, त्याची लाज अजून जात नाही. दुसऱ्यांदा काढून टाकायच्या कागदावर सही केली नाही, आणि घरी येईपर्यंत तोंडात त्या काकडीची चव होती.